हाशिमोटो आहे म्हणून अजून काय काय सोडू?

"मॅडम, गहू सोडला, दूध सोडलं, टोमॅटो सोडला, तरी पोट फुगतंच, आता अजून काय सोडू?" थायरॉईडच्या बायकांकडून हा प्रश्न मला सारखा येतो म्हणून एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

ताई सोलापूरकडच्या, वय 38, हाशिमोटो थायरॉईड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते तो आजार. गोळीचा डोस वाढवत नेला तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) खाली येईना, हिमोग्लोबिन 8 च्या वर सरकेना. कुणीतरी सांगितलं म्हणून रक्ताची महागडी फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट करून आलेल्या. फाइल उघडून समोर ठेवली तर लाल रंगात 31 पदार्थ, गहू, दूध, अंडं, तूरडाळ आणि शेंगदाणे सुद्धा. ज्या घरात शेंगाचटणीशिवाय ताट होत नाही तिथे ही बाई दोन महिने भात, मूगडाळ आणि दुधी खाऊन राहिली, वजन 6 किलो उतरलं, लग्नकार्याला जाणं बंद, आणि सासूबाई म्हणायच्या की ही सगळी नाटकं आहेत. हे सांगताना त्यांचा आवाज फुटला, मी पाणी दिलं आणि थोडा वेळ तशाच बसलो दोघी.

मग मी एवढंच विचारलं, ताई, शेंगदाणे खाऊन कधी त्रास झाला होता का? म्हणाल्या, नाही, लहानपणापासून रोज खाते. तेच तर आहे, या टेस्टमध्ये ज्या आयजीजी अँटीबॉडी (रक्तातली एक प्रकारची प्रतिद्रव्यं) मोजतात त्या आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध तयार होतातच, ती खाल्ल्याची खूण आहे, आजाराची नाही. पण त्यांचं पोट फुगणं खरं होतं, अंगात रक्त न भरणं खरं होतं, आणि हाशिमोटोसारखा ऑटोइम्यून थायरॉईड असणाऱ्यांमध्ये सीलिअ‍ॅक हा आजार इतरांपेक्षा जास्त सापडतो, ज्यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं आणि मग लोह काय, थायरॉईडची गोळी काय, नीट शोषलीच जात नाही. ही तपासणी त्यांची कधी झालीच नव्हती.

इथे खरी अडचण आली. गहू सोडून दोन महिने झालेले, अशा वेळी टीटीजीची टेस्ट, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी, खोटी नॉर्मल येऊ शकते. मी आहार समुपदेशक, डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांच्या सल्ल्याने ताईंनी सहा आठवडे परत रोज चपाती खाल्ली. फार अवघड गेलं, दोनदा फोन करून रडल्या. थायरॉईडची गोळी त्या दुधाच्या चहाबरोबर घ्यायच्या आणि लगेच लोहाची, तेही बदललं, सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर आणि लोह चार तासांनी.

टेस्ट पॉझिटिव्ह आली, दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यातही तेच दिसलं. (माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींची नॉर्मलच येते, तेव्हा घाबरून जाऊ नका.) आता गहू, मैदा, रवा, शेवया कायमचं बंद, पण ज्वारीची कडक भाकरी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं, आणि त्या लाल यादीतलं बाकीचं आम्ही एकेक करून परत आणलं. पहिली आली शेंगाचटणी. दुधाने सुरुवातीला पोट गुडगुडायचं, अस्तर भरून येईपर्यंत ते होतं, दही मात्र चाललं. मध्येच पुन्हा त्रास सुरू झाला तेव्हा स्वयंपाकघरातला एकेक डबा तपासला, तर हिंगाच्या डबीवर घटकांत गव्हाचं पीठ, रोजच्या फोडणीतून जात होतं.

हिमोग्लोबिन आता 11 च्या पुढे आहे, टीएसएच आटोक्यात, गोळी चालूच आहे आणि ती चालूच राहणार, हाशिमोटो काही पथ्याने जात नाही. सीलिअ‍ॅक घरात चालत येतो म्हणून पुढच्या आठवड्यात लेकीची टेस्ट आहे. आईचं बघून तिनेही चपाती सोडायची म्हटलंय, टेस्ट होईपर्यंत सोडू देऊ नका असं ताईंना दोनदा बजावलंय.