गावातल्या तरुणांना सामाजिक उद्योजक म्हणून घडवायचं असेल, तर तीन दिवसांचं शिबिर पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की सात-आठ गावांतल्या वीस-पंचवीस मुलामुलींना दिवाळीनंतर तीन दिवसांच्या शिबिराला बोलवायचं, पुण्याहून वक्ते आणायचे आणि शेवटी प्रत्येकाकडून एका उद्योगाचा आराखडा लिहून घ्यायचा असा विचार आहे. एवढं पुरेल का, हा तुमचा प्रश्न.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव तालुक्यांत अकरा वर्षं हे काम करते आहे. माझ्या अनुभवानं सांगते, पुरणार नाही. शिबिर जरूर घ्या, पण मुलं आधी सहा महिने एखाद्या खऱ्या कामात भिजू देत. मग त्यांच्याकडे विचारायला प्रश्न असतील आणि वक्त्यांनाही कुणाशी बोलतोय ते कळेल.

पहिल्या वर्षी आम्ही अगदी तुमच्यासारखंच केलं होतं. तेव्हा मी ज्या संस्थेत होते तिनं बावीस मुलं निवडली, म्हणजे गावोगावच्या सरपंचांनी नावं दिली तीच घेतली. त्यात मुली तीन. तीन दिवस गाणी, खेळ, भाषणं, चिठ्ठ्यांवर स्वप्नं. शेवटच्या दिवशी बावीस आराखडे भिंतीवर लागले. कुक्कुटपालन, मसाला, गांडूळखत, वाचनालय. वर्षभरानं मी प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. दोघांचं काही ना काही चालू होतं. बाकीचे कुणी भरतीच्या तयारीला, कुणी चाकणला कंपनीत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना आम्ही उत्साह दिला होता. तो घरी पोचल्यावर वापरायचा कशात, हे दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. गावातल्या मुलाला प्रशिक्षण द्यायचं तर त्याच्या हातात त्याच गावातलं खरं काम, थोडा खरा पैसा आणि एक ठरलेली तारीख पाहिजे. आणि पुढचं दीड वर्ष तुम्ही त्याच्या सोबत पाहिजे.

हे मला नव्यानं सुचलेलं नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून हेच चाललंय. डॉ. श्रीनाथ कलबाग चांगली नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात गेले. शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, शेती, बांधकाम, विजेचं काम करता करता शिकवायला सुरुवात केली. मला तिथलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मुलं शिकताना बनवतात त्या वस्तू आणि सेवा गावकरी पैसे देऊन घेतात. पैसे देणारा माणूस समोर उभा असला की फाटकाचं वेल्डिंग नीट होतं, आणि पत्रा किती लागला, मजुरी किती धरायची याचा हिशेबही आपोआप शिकला जातो. 'उद्योजकता' हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरं उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथं काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या बायका, बऱ्याच जणी निरक्षर, अनेक दलित समाजातल्या, आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्यांना एकदाच शिकवून पाठवून दिलं नव्हतं. त्या यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन करायच्या, अडलेलं घेऊन परत यायच्या, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. आज 'नेतृत्व विकास' म्हणून जे सांगितलं जातं ते मला त्या बायकांच्या ये-जा करण्यात जास्त स्वच्छ दिसतं. जिच्या हातचं पाणी घ्यायला पूर्वी घरं कचरायची, तिलाच बाळंतपणाला बोलावणं यायला लागलं. हे तीन दिवसांत होत नाही.

आणि तारखेचं महत्त्व कळायला आमच्याच भागातला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामाची स्पर्धा, पुरेसा आहे. 2016 मध्ये पानी फाउंडेशननं वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत तो सुरू केला. गावानं आपली पाच माणसं निवडायची, त्यांनी निवासी प्रशिक्षण घ्यायचं आणि परत आल्यावर लगेच उन्हाळ्यात दीड महिना सगळ्या गावानं श्रमदान करायचं. चर कुठे काढायचे हे शिकलेला माणूस थोड्याच दिवसांत माळावर खुणा करत असायचा. शिकणं आणि करणं यांत विसरायला वेळच नव्हता. पहिल्या वर्षी कोरेगावचं वेळू पहिलं आलं, 2018 ला आमच्या माणमधलं टाकेवाडी. माझ्या पाहण्यातल्या गावांचं सांगते: जिथे ते पाच जण स्पर्धा संपल्यावरही भेटत राहिले, तिथे पाण्याचं काम पुढे गेलं. जिथे फक्त बक्षिसाची वाट पाहिली गेली, तिथे चर गाळानं भरले. म्हणूनच मी एकटा मुलगा कधी घेत नाही. एका गावातून तिघं. त्यात निदान एक बाई, आणि शक्यतो त्या गावची सून.

सून का, हे सांगायला हवं. लेकींवर खर्च करून काय उपयोग, लग्न होऊन जातील, असं तुम्हाला पहिल्याच बैठकीत कुणीतरी सांगेल. ते ऐकू नका, लेकींना घ्याच. आमची एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली आणि तिथल्या बचत गटाचे हिशेब आता ती बघते. पण गावात पाच-दहा वर्षं टिकेल असं माणूस हवं असेल तर पंचविशीतली, बारावी झालेली, घरात बसलेली सून शोधा. तिला कुणी विचारलेलं नसतं. यायला परवानगी मिळवताना तुम्हाला सासूशी दोन-तीनदा बोलावं लागेल. तेवढा वेळ द्या.

निवड झाली की पहिले दोन महिने आमची मुलं फक्त मोजतात. गावात किती लिटर दूध निघतं, फॅट किती लागते, बिल किती दिवसांनी येतं. पेंड, भुसा, चारा यावर महिन्याला किती पैसा गावाबाहेर जातो. किती घरांत कर्ज आहे आणि कुणाचं. वस्तीवरच्या बायका दळणाला किती चालतात. पहिल्या आठवड्यात मुलांना कंटाळा येतो. पण हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी 1989 पासून जे उभं केलं त्याचा कणा मोजणीच आहे. पाऊस किती पडला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. आकडा सगळ्यांसमोर असला की भांडण कमी होतं. ज्या पोरानं वस्तीवस्तीवर फिरून आकडा काढलाय, त्याला ग्रामसभेत उभं राहायला वेगळं धाडस शिकवावं लागत नाही.

एका गावातल्या तिघांचं थोडं सविस्तर सांगते. मोजणीत त्यांना दिसलं की एक गाय किंवा चार शेळ्या असणाऱ्या घरांना चारा सगळ्यात महाग पडतो. मोठे गोठेवाले ट्रॅक्टरनं घेतात, यांना पेंढीनं घ्यावा लागतो. मग मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करायचं ठरलं. मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, पिशवीत दाबून हवा काढायची, तोंड घट्ट बांधून पंचेचाळीस दिवस ठेवायची. पहिल्या खेपेला पन्नास किलोच्या चाळीस पिशव्या भरल्या. मका, डिझेल आणि पिशव्या मिळून आठ हजार रुपये खर्च. तोंडं सैल राहिल्यामुळे नऊ पिशव्यांना बुरशी आली. उरलेल्या एकतीस साडेपाच रुपये किलोनं विकल्या, 8,525 रुपये आले. पोरं खूश, 525 रुपये नफा!

मी त्यांना एवढंच विचारलं, तुमची मजुरी कुठे लिहिलीय? चौघं जण तीन दिवस राबले होते, चौथा एकाचा भाऊ. गावातल्या चारशे रुपये रोजानं 4,800 रुपये. म्हणजे 4,275 रुपये तोटा. ती दुपार मला अजून आठवते. शाळेच्या व्हरांड्यात कुणीच बोलेना. मग त्यातली बाई म्हणाली, "ताई, आमच्या घरच्या दुधाचं पण असंच असणार की." तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या श्रमाला भाव लावला होता. त्या एका वाक्यासाठी माझ्या मते तो तोटा सोसण्यासारखा होता. तो सोसायची तयारी आधीच ठेवा: दर गटामागे दहा-पंधरा हजार रुपये, बुडाले तरी चालतील असे. पण हिशेब पूर्ण द्यायचा, या अटीवर.

पुढच्या हंगामात त्यांनी पिशव्या नीट बांधल्या, भाव वाढवला आणि पहिल्यांदा मजुरी सुटली. त्यांनी स्वतःच एक नियम केला: एक तृतीयांश पिशव्या एकेक पिशवी घेणाऱ्या घरांसाठी राखायच्या आणि पैसे दुधाच्या बिलातून घ्यायचे. 'सामाजिक उद्योजक' म्हणजे काय असं मला कुणी विचारलं की मी हा नियम सांगते. धंदा आपल्या पायावर उभा हवा, आणि ज्यांच्यासाठी तो सुरू केला ती घरं त्यातून सुटता कामा नयेत. दोन्ही एकदम सांभाळणं अवघड आहे, आणि शिकवायचं ते हेच.

आता नेतृत्व. ते भाषण स्पर्धेनं येत नाही. आम्ही मुलांना ग्रामपंचायतीचे कागद वाचायला लावतो. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 8 म्हणजे घरपट्टीची आकारणी, इथून सुरुवात. मग ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि झालेला खर्च बघायचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा होता, हे कळल्यावर मुलं नळयोजनेकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. पहिल्या ग्रामसभेला फक्त बसायचं आणि लिहून घ्यायचं. दुसऱ्या सभेत एकच प्रश्न, लेखी, आदरानं. सरपंचांना आणि ग्रामसेवकांना आधी भेटून सांगायचं की असा प्रश्न येणार आहे. कुणाला कोंडीत पकडायला आम्ही जात नाही. पकडलं तर त्या मुलाच्या घरच्यांना पुढे त्रास होतो, आणि तो निस्तरायला तुम्ही-मी तिथे नसतो.

जमलं तर मुलांना एकदा गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावी घेऊन जा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी ज्याचा आग्रह धरला ते मात्र घोषणेत दिसत नाही: अभ्यासगट. गावानं आधी बसून शिकायचं, मग सर्वसहमतीनं ठरवायचं. 2009 मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, त्याच्यामागे कित्येक वर्षांचं असं बसणं होतं. आमची मुलं तिथून आली तेव्हा एकजण म्हणाला, तिथे कुणीच कुणाचा आवाज दाबत नाही. हे त्याला भाषणातून कळलं नसतं.

काही किरकोळ गोष्टी, पण त्यांच्यावाचून अडतं. पहिल्या वर्षी ट्रस्ट, कलम 8 ची (ना-नफा) कंपनी, शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी यातलं काहीही नोंदवू नका. कागदपत्रांत वर्ष जातं आणि अध्यक्ष कोण यावरून गट फुटतो. बचत गटाचं बँक खातं पुरतं. धंदा स्थिरावला की मग बघा. उत्पादक कंपनीला दहा शेतकरी लागतात, तोवर तेवढे जमलेले असतील. एकेकट्याला कौशल्य हवं असेल तर जिल्ह्यातल्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं, तिथे पाठवा. बैठक देवळात घेऊ नका, जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्या. देवळात काही वस्त्यांवरची मुलं येतात पण मागे उभी राहतात, आणि काही येतच नाहीत. कुणी मध्येच पोलीस भरतीत लागला किंवा पुण्याला गेला तर त्याचा सत्कार करा, त्याचं नाव कापू नका. आमच्या एका गटाला पहिलं मोठं गिऱ्हाईक अशाच एका गेलेल्या मुलानं मिळवून दिलं.

आणि मुलींबद्दल एक. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे अकरा मुली आणि सुना आल्या, महिन्याभरात पाच उरल्या. मी घरच्यांच्या विरोधाची कारणं शोधत बसले. खरं कारण इतकंच होतं की बैठक साडेपाचला सुटायची आणि त्यांच्या वाडीची शेवटची एसटी पाच वाजता जायची. बैठक सकाळी अकराला घेतली, चार जणी परत आल्या. तेव्हा वक्त्यांच्या तारखा ठरवण्याआधी तुमच्या त्या सात-आठ गावांच्या एसटीच्या वेळा लिहून काढा.