४जी-६जी ही मालगाडीची नवी डिझेल इंजिनं कुठे बघायला मिळतील? आणि जुन्या अल्कोची, म्हणजे अमेरिकन अल्को कंपनीच्या डिझाइनच्या जुन्या डिझेल इंजिनांची, मजा त्यांत आहे का?

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्याने माझं डोकं फिरतं, म्हणून पहिला आधी उरकतो.

इंजिनाचा नंबर ४९ ने सुरू झाला की डब्ल्यूडीजी-४जी, म्हणजेच ४जी, ४५०० अश्वशक्ती. ६९ ने सुरू झाला की ६जी, ६००० अश्वशक्ती. त्यांची देखभाल होते त्या शेड बघायच्या तर उत्तर प्रदेशात शाहजहांपूरजवळ रोझा आणि कच्छात गांधीधाम. महाराष्ट्रात मुद्दाम शोधायला निघू नका. पनवेल-जेएनपीटी बाजूला एखादं कंटेनर घेऊन आलंच तर ते तुमचं नशीब. सुट्टी काढणारच असाल तर गांधीधाम-पालनपूर मार्ग धरा आणि सामाखियालीच्या आसपास एखादं फाटक गाठून बसा.

आता मजेचं.

माझ्या नोकरीची काही वर्षं गांधीधामशेजारच्या आदिपूरला गेली. काम मालवाहतुकीतलंच, त्यामुळे इंजिनं बघण्याचा छंद पगारासकट चालू होता. २०१९ च्या डिसेंबरात मामा-मामी रण बघायला आले. त्याच आठवड्यात पुण्याहून आमच्या रेल्वेवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनही ट्रायपॉड, माइक आणि माइकला घालायची लोकरी टोपी घेऊन येऊन थडकला. हा माणूस अल्कोभक्त. पुण्यात घोरपडीच्या शेडमधल्या डब्ल्यूडीजी-३ए ह्या मालगाडीच्या अल्को इंजिनांचे नंबर त्याला पाढ्यांसारखे पाठ. त्याच्या मते अल्को बंद झालं त्या दिवशी भारतीय रेल्वे संपली, उरलं ते सगळं विजेवर चालणारं सामान.

मामा म्हणजे निवृत्त मालगाडी ड्रायव्हर. बरीचशी नोकरी पुणे-मिरज मार्गावर, तीही अल्कोवर. अ‍ॅडमिनला हे कळल्यावर तो मामांच्या पायाच पडला. मामांना वाटलं, मुलगा संस्कारी आहे.

पहाटे तिघं फाटकावर गेलो. मामी गाडीतच बसल्या, थंडी मरणाची होती. आधी ईएमडी ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनच्या इंजिनांची एक जोडी कोळसा घेऊन गेली. मग बऱ्याच वेळाने मुंद्रा बंदराकडून दोनमजली कंटेनरची गाडी आली, पुढे ४जी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अमेरिकेत दोन कंटेनर एकावर एक ठेवायला खोलगट वॅगन लागते. आपल्या ब्रॉडगेजवर ते साध्या सपाट वॅगनवरच रचतात. त्यामुळे गाडी जी काही उंच दिसते! फाटकातून वर बघताना मान मागे जाते. सिग्नल नव्हता, गाडी आमच्यासमोरच थांबली आणि थोड्या वेळाने तेवढं लांबलचक धूड जागचं हललं. चाक घसरलं नाही, झटका नाही, धूर नावालाही नाही.

अ‍ॅडमिन कॅमेरा बंद करत म्हणाला, "बघा काका, काही आवाज आहे का? आत्माच नाही ह्याच्यात. तुमचं अल्को असतं तर आत्तापर्यंत आभाळ काळं केलं असतं."

मामा शेवटची वॅगन जाईपर्यंत काही बोलले नाहीत. मग मला विचारलं, "कॅबला एसी आहे का रे ह्याच्या?"

मी म्हटलं, आहे.

"मग झालं," म्हणाले. आणि अ‍ॅडमिनकडे वळून, "तुला आवाज पाहिजे, कारण तू फाटकात दोन मिनिटं उभा असतोस. मी आत आठ-आठ तास बसायचो. मे महिन्यात, आदर्कीच्या चढावर, लाँग हूड, म्हणजे इंजिनाचं लांब नाक, पुढे करून. समोर काय दिसायचं? हूड! सिग्नल आपल्या बाजूला नसेल तर असिस्टंटने सांगायचा. आणि आभाळ काळं व्हायच्या आधी ते माझ्या नाकात जायचं."

अ‍ॅडमिनने हसून विषय बदलला. पुण्याला पोचल्यावर त्याने व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "आत्मा नसलेलं यंत्र. सोबत एका ज्येष्ठ अल्को ड्रायव्हरांचा सहवास लाभला." म्हणजे मामांचं नाव वापरलं आणि मामांचं म्हणणं गिळलं. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. ते असं:

धूर म्हणजे ताकद नव्हे. नॉच (ड्रायव्हरच्या हँडलची पायरी) भरभर वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल धुराड्यातून बाहेर येतं. ज्याला तुम्ही "अल्कोचा तांडव" म्हणून स्लो मोशनमध्ये दाखवता ते वाया गेलेलं इंधन आहे, माझ्या-तुमच्या करातलं. डब्ल्यूडीजी-३ए चं इंजिन १६ सिलिंडरचं, काढतं ३१०० अश्वशक्ती. ४जी चं १२ सिलिंडरचं, काढतं ४५००. ह्यावर पुढे वाद कसला घालायचा?

आणि मालगाडीत खरी परीक्षा नुसत्या अश्वशक्तीची नसते, चाक रुळाला किती धरतं ह्याची असते. डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही, वीज बनवतं आणि ती वीज अ‍ॅक्सलवरच्या मोटारी फिरवते. अल्कोच्या डीसी मोटारी चढावर हळू चालताना तापायच्या, ड्रायव्हरचा एक डोळा करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरवर. १९९९ च्या सुमारास ईएमडीचं डब्ल्यूडीजी-४ आलं, एसी (अल्टरनेटिंग करंटच्या) मोटारींचं. पण त्यात एका बोगीच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) तिन्ही अ‍ॅक्सलना मिळून मोटारींना वीज पुरवणारा एकच इन्व्हर्टर. ४जी मध्ये प्रत्येक अ‍ॅक्सलला वेगळा. एक चाक घसरू लागलं तर तेवढ्याच अ‍ॅक्सलची ताकद कमी होते, बाकी पाच आपलं काम करत राहतात. त्या पहाटे ती गाडी जी गुमान हलली ती ह्यामुळे. हलण्यातली ही सफाई ज्याला दिसत नाही त्याने रेल्वेफॅन म्हणवून घेऊ नये, ध्वनिमुद्रक म्हणवून घ्यावं.

शेवटचं वाक्य नको होतं असं बरेच जण म्हणाले. मला अजूनही ते चुकीचं वाटत नाही. मला ग्रुपमधून काढलं.

अल्को वाईट होतं असं मी म्हणत नाहीये, आणि मामाही म्हणत नाहीत. १९६२ ला अल्कोचं पहिलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन आलं, १९६४ पासून ते वाराणसीला बनायला लागलं. मूळ अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, तरी आपण पुढे चाळीसहून जास्त वर्षं तेच डिझाइन सुधारत वापरलं. मामा सांगतात, काहीही बिघडलं तरी पाना-हातोडी आणि तारेच्या तुकड्यावर ते बिचारं घरी यायचं. नव्या इंजिनात काय झालंय हे स्क्रीन सांगते, आणि स्क्रीनने नाही सांगितलं तर शेडमधला माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत बसून राहायचं. हा मुद्दा अ‍ॅडमिनने मांडला असता तर मी गप्प बसलो असतो. त्याला तो माहीतच नव्हता, कारण तो इंजिनाच्या आत काय चालतं हे कधी विचारत नाही.

काही गोष्टी आधी सांगायच्या राहिल्या. माझी माहिती कच्छ सोडेपर्यंतची. २०२० मध्येच पालनपूर-बोटाद मार्गावर ७.५७ मीटर उंच तारांखालून दोनमजली कंटेनर विजेच्या इंजिनाने नेऊन दाखवले, आणि तारांचं जाळं सगळीकडेच पसरत चाललंय. तेव्हा जायच्या आधी तिकडच्या कुणाला तरी विचारून घ्या. बंदराच्या जवळ कॅमेरा काढू नका, रुळापासून लांब उभे राहा, आणि रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड लावून बसलात तर कुणीतरी येऊन उठवणारच. मी स्वतः ४जी च्या कॅबमध्ये कधी बसलेलो नाही, मामाही नाहीत. अल्कोच बघायचं असेल तर अजूनही यार्डात शंटिंगला किंवा खडीच्या गाडीवर सापडतं. जरूर बघा, आवाजही ऐका, मलाही आवडतो.

पण "मजा" मोजताना आतल्या माणसाला धरा. ही इंजिनं जिथे बनतात त्या बिहारच्या मढौऱ्यातून २०२५ पासून आफ्रिकेतल्या गिनीला इंजिनं जायला लागलीत. गिनीला जाणाऱ्या त्या इंजिनांच्या कॅबमध्ये एसी आहे, फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह आहे आणि संडासही आहे. हे मी मामांना फोनवर वाचून दाखवलं तर संडास ऐकून त्यांनी मामींना हाक मारली, "अगं ऐकलंस का, इंजिनात संडास!" आणि मग पुढचा अर्धा तास ते जुने किस्से सांगत होते, जे इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आमच्या त्या ग्रुपमधलं कुणी हे वाचत असेल तर तिकडे चिकटवा. मला तर परत घेतलेलं नाही.