खणणीआधीचं तणनाशक: वाचकांचे प्रश्न

भाज्यांचा हंगाम संपून वाफे रिकामे होऊ लागले की पत्रांचा विषय ठरलेला असतो. तण माजलंय, थंडी पडायच्या आत जमीन खणून ठेवायची आहे, तर आधी तणनाशक मारावं का? आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरांत ग्लायफोसेट या तणनाशकाचं नाव पुन्हा पुन्हा येईल, कारण रिकाम्या वाफ्यासाठी लोकांच्या हाती बहुधा तेच असतं.

प्रश्न: शनिवारी फवारून रविवारी खणायचा बेत आहे. सुट्टी तेवढीच आहे. चालेल का?

नाही चालणार. औषधही वाया जाईल आणि कंबरही उगाच मोडेल.

ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे. ते हिरव्या पानातून आत शिरतं आणि पानात तयार झालेली साखर ज्या वाटेने मुळांकडे जाते, त्याच वाटेने खाली उतरतं. मुळांत आणि वाढत्या शेंड्यांत पोचल्यावर ते एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. या विकराशिवाय वनस्पतीला फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं बनवता येत नाहीत. वाढ थांबते, पान पिवळं पडतं आणि मग झाड वाळतं. हे उपासमारीचं मरण असल्यामुळे सावकाश येतं. दुसऱ्याच दिवशी कुदळ घातलीत तर पान मुळापासून तुटतं, औषध वरच राहतं आणि खालचा गड्डा मजेत फुटतो.

किती थांबायचं? घोळ, माठ अशा एका हंगामाच्या तणांना दोन-चार दिवस पुरतात. हरळी, लव्हाळा, हरणखुरी अशा वर्षानुवर्षं टिकणाऱ्या तणांना उबदार हवेत किमान आठवडा द्या. हवा गार असेल तर तण पूर्ण वाळेपर्यंत तीन-चार आठवडे द्यावेत हेच बरं. रात्री कडाक्याच्या होऊ लागल्या आणि तणाची वाढ थांबली की फवारण्यात फारसा अर्थ उरत नाही. म्हणून बेत उलट्या बाजूने आखा. खणायचा दिवस ठरवा आणि तिथून महिनाभर मागे या.

थंडीच्या तोंडावरचा हा काळ टिकाऊ तणांवर फवारायला खरं तर चांगला. पुढच्या वर्षासाठी ती मुळांत अन्न साठवत असतात आणि त्या ओघाबरोबर औषधही खोल जातं.

पण तुमच्या वाफ्यात नुसतं घोळ-माठच असेल तर मी तणनाशकाचा विचारही करणार नाही. बी धरायच्या आत खुरपून काढा आणि रविवारी खुशाल खणा.

प्रश्न: तण कमरेपर्यंत आलंय. आधी कापून मग फवारू की तसंच फवारू?

औषध घेणारं पानच कापून टाकलं तर ते आत जाणार कुठून? तरीही कमरेएवढ्या रानात फवारा सारखा बसत नाही, आणि जून झालेलं, बी धरलेलं तण औषध नीट घेतही नाही. अशा वेळी कापा, बी आलेले तुरे वाफ्याबाहेर न्या आणि नवी फूट वीतभर होईपर्यंत थांबा. मग त्या लुसलुशीत पानांवर फवारा. मुदत कमी असेल आणि पानं अजून हिरवी असतील तर न कापता फवारलेलं बरं.

आणखी तीन गोष्टींनी काम बिघडतं. पहिली म्हणजे पाणी. गढूळ पाण्यातले चिकणमातीचे कण ग्लायफोसेटला धरून ठेवतात, जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं, तेव्हा स्वच्छ पाणी घ्या. दुसरी धूळ आणि कोरड. तहानलेलं तण औषध नीट घेत नाही, म्हणून जमीन खटखटीत असेल तर दोन-चार दिवस आधी पाणी द्या. तिसरी पाऊस. फवारल्यानंतर सहा तास तरी कोरडे मिळायला हवेत. ‘थोडं जास्तच घालू’ हा मोह मात्र आवरा. पान फार लवकर मेलं तर खाली जाणारी वाटच बंद होते.

प्रश्न: सांगितल्याप्रमाणे फवारलं, तण वाळलं, महिन्याने खणलं. पंधरा दिवसांत वाफा पुन्हा हिरवा. औषध बनावट होतं का?

तसं असूही शकेल, पण आधी त्यातलं एक रोप हलक्या हाताने मुळासकट उपटा. खाली नुसती बारीक पांढरी मुळं दिसली तर ते नवं बियाण्याचं रोप आहे. काळपट गाठ किंवा जाड दोरीसारखं मूळ निघालं तर जुनंच तण परत आलंय. दोन्हींवर इलाज वेगळे.

बियाण्याचं असेल तर औषधाचा दोष नाही. ग्लायफोसेट मातीतल्या बियांना मारत नाही आणि खणताना तुम्हीच त्या उजेडाजवळ आणल्या. जमिनीतला बियांचा साठा किती चिवट असतो ते बघायचं तर अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या बिया आठवा. 2021 मध्ये त्यातली एक बाटली उकरली, तेव्हा 142 वर्षांनंतरही काही बिया रुजल्या! अशा साठ्यावर पुन्हा औषध मारत बसू नका. उगवलेलं कोवळं तण कोरड्या दिवशी खुरप्याने वरवर खरवडा आणि त्यानंतर माती खोल उलथू नका.

गाठ निघाली तर तो लव्हाळा, आणि त्याच्याशी गाठ म्हणजे लांबचं प्रकरण. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वर कोंब असलेल्या गाठींपर्यंत औषध पोचतं, निजलेल्यांपर्यंत ते नीट जात नाही. माळ अखंड आहे तोवर पुढची गाठ मागच्यांना दबवून ठेवते. तुम्ही कुदळ मारून माळ तोडलीत की निजलेल्या गाठी जाग्या होतात. एका लव्हाळ्याचे पाच होतात ते असे.

आता ही नवी फूट चांगली पानावर येऊ द्या, पण फुलोरा येऊ देऊ नका, आणि दुसऱ्यांदा फवारा. त्यानंतर पुरेसं थांबून खणा आणि हाताला लागतील तेवढ्या गाठी वेचा. हवा कोरडी, ऊन कडक असेल तर उलथलेली ढेकळं तशीच उघडी ठेवा. लव्हाळ्याच्या गाठीला सुकणं सोसत नाही. पुढच्या हंगामातही थोडा परत येईलच, तो दिसेल तेव्हा काढत राहायचा. फिरत्या पात्यांचं यंत्र मात्र या वाफ्यात अजिबात घालू नका, हरळीच्या वाफ्यातही नाही. प्रत्येक तुकडा म्हणजे नवं रोप.

प्रश्न: तणनाशक मारलेल्या मातीत पुढे भाजी लावायची आहे. विष राहत नाही का? मुलंही तीच भाजी खाणार.

कोणतं तणनाशक, यावर सगळं अवलंबून आहे.

ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे पुढच्या पिकाची मुळं ते फारसं घेत नाहीत. मातीतले सूक्ष्मजीव ते हळूहळू फोडतात. निम्मं व्हायला माती आणि हवामानानुसार काही दिवसांपासून काही महिने लागतात, थंडीत वेग मंदावतो. म्हणजे ते ‘मातीला लागताच नाहीसं होतं’ हा विक्रेत्यांचा दावा खोटा, आणि ‘जमीन कायमची नासते’ ही भीतीही खरी नाही. लागवडीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं, ते पाळा.

आरोग्याबद्दल तज्ज्ञांच्या संस्थांमध्ये एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था यांनी मात्र तसा निष्कर्ष काढला नाही. पहिली संस्था पदार्थात धोक्याचा गुण आहे का ते पाहते, बाकीच्या प्रत्यक्ष वापरात किती संपर्क येतो ते मोजतात. हा फरक बातम्यांत बहुतेक वेळा हरवतो. माझं मत विचाराल तर वाद मिटायची वाट न बघता संपर्क कमी करा. हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट घाला, वारा नसताना फवारा आणि मुलांना त्या दिवशी वाफ्याकडे फिरकू देऊ नका. चिवट टिकाऊ तण नसेल तर मारूच नका.

खरी काळजी दुसऱ्याच बाटल्यांची आहे. फरशी आणि वाटांसाठी मिळणाऱ्या काही तणनाशकांत ग्लायफोसेटच्या जोडीला डायफ्लुफेनिकनसारखं मातीत महिनोन्‌महिने टिकणारं द्रव्य घातलेलं असतं. तणच उगवू नये हाच त्याचा उद्देश, मग तुमची मेथी तरी कशी उगवेल? बाटलीवरचं मोठं नाव सोडा आणि घटकांची बारीक ओळ वाचा. भाजीच्या वाफ्याचा उल्लेख नसेल तर ती वाफ्यात नको.

प्रश्न: मीठ, व्हिनेगर आणि साबण यांचं मिश्रण नैसर्गिक म्हणून सुरक्षित ना?

मीठ वाफ्यात कधीही घालू नका. त्याचं विघटन होत नाही, आणि ते जमिनीची घडण बिघडवून पुढच्या पिकाचीही मुळं मारतं. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरने कोवळी रोपं करपतात, पण मुळाला धक्का लागत नाही. तीव्र ॲसेटिक आम्ल मिळतं, त्याने डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. नैसर्गिक या शब्दावर विसंबू नका.

प्रश्न: अर्ध्या वाफ्यात अजून वांगी-टोमॅटो उभे आहेत. उरलेल्या अर्ध्यात फवारलं तर?

पीक निघेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. नसेल तर पंप न वापरता हातमोजा घालून, स्पंजने किंवा ब्रशने तणाच्या पानांनाच औषध लावा. ग्लायफोसेटला तण आणि टोमॅटो सारखेच.

आणि पंप वेगळाच ठेवा. 2,4-डी हे तणनाशक मारलेल्या पंपातून टोमॅटोवर दुसरं काही फवारलं की पानं पिळवटतात. रबरी नळीत राहिलेला अंशही त्याला पुरतो.

प्रश्न: वाळलेलं तण खणून गाडू की कंपोस्टमध्ये टाकू?

ग्लायफोसेटने पूर्ण वाळलेलं असेल तर दोन्ही चालतं. गड्डे आणि जाड मुळं मात्र दोन्हीकडे नकोत.

बाहेरून आणलेल्या शेणखताबद्दल सावध राहा. कुरणावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारलेलं असेल तर ते चाऱ्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात न बदलता येतं. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये असंख्य भाजीवाफे असे बिघडले. शंका असेल तर खत मिसळलेल्या मातीच्या कुंडीत घेवड्याचे चार दाणे लावा आणि शेजारी साध्या मातीत चार. खताच्या कुंडीतली नवी पानं वाटीसारखी वळली किंवा नेच्यासारखी बारीक झाली, तर ते खत वाफ्यात नको.

प्रश्न: खणणं टाळून तण मारता येईल का?

येईल, घाई नसेल तर. तण जमिनीलगत कापा, जाड पुठ्ठा किंवा काळं प्लॅस्टिक अंथरा, कडा दाबून टाका आणि पूर्ण हंगाम तसंच ठेवा. एका हंगामाची तणं मरतात आणि त्यांच्या बिया खालीच राहतात. हरळीला त्याहून जास्त काळ लागतो. लव्हाळा प्लॅस्टिक टोचून वर येतो, त्याला हा उपाय पुरत नाही. हरळीसाठी आच्छादन वाफ्याच्या चारही बाजूंनी हातभर बाहेर न्या, कारण ती कडेनेच आत शिरते.