पान्हा म्हणजे दूधवाढ नव्हे

तासगावच्या एका वाचकाने विचारले आहे: पश्च पीयूषिकेतून, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या मागच्या खंडातून येणाऱ्या ऑक्सिटोसिनला 'दुग्धवर्धक संप्रेरक' म्हणावे का? आणि तिथूनच येणाऱ्या व्हॅसोप्रेसिनला काय म्हणावे?

'दुग्धवर्धक' मुळीच म्हणू नका. 'दूध वाढायचं इंजेक्शन' हे गोठ्यागोठ्यात ऐकू येणारे बोलणे साफ चूक आहे. दूध बनवणे हे याच ग्रंथीच्या पुढच्या खंडातल्या प्रोलॅक्टिनसारख्या संप्रेरकांचे काम. ऑक्सिटोसिन कासेत तयार असलेले दूध उतरवते. त्याला आपला शब्द आहेच: पान्हा. मायेचा पान्हा सर्वांना ठाऊक आहे, तो अर्थ सोडू.

मूळ संस्कृत 'प्रस्नव'. 'स्नु' म्हणजे पाझरणे, 'प्र' म्हणजे पुढे. प्राकृतात 'पण्हव', मराठीत पान्हा. 'पान' म्हणजे पिणे, त्यावरून पान्हा, असे सांगणाऱ्या विद्वानांनी त्यातला 'ह' कुठून आला ते आधी सांगावे. तो 'स्न'मधल्या 'स'चा आहे. स्नानाचे न्हाण झाले तसाच. शिवाय पिते वासरू, पान्हवते गाय! पिण्याचा इथे संबंध काय?

'स्नु' हा धातू जे सांगतो तेच शरीर करते. रेडकाने सड दोनदा चोखला की संवेदना मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत जाते. तिथेच बनलेले, पण पश्च पीयूषिकेत साठवलेले ऑक्सिटोसिन रक्तात सुटते, दुग्धकोष्ठांभोवतीच्या (कासेतल्या दूध साठवणाऱ्या बारीक पिशव्यांभोवतीच्या) पेशी आवळतात आणि सड ताठ होतात. गायीला साधारण मिनिटभर लागते, म्हशीला जास्त. हा जोर पाच-सात मिनिटांत ओसरतो. म्हणून पेंड, बादली आधीच जवळ हवी, पान्हवल्यावर शोधत बसू नये. म्हैस बुजली की ॲड्रेनलिन हे भीतीच्या वेळी सुटणारे संप्रेरक आडवे येते. त्याला आपण 'पान्हा चोरणे' म्हणतो. भ्यालेल्या जनावराला चोर ठरवणे मला पटत नाही, पण खूण अचूक आहे: दूध आहे, उतरत नाही.

ऑक्सिटोसिन या ग्रीक नावाचा अर्थ मात्र शीघ्र प्रसूती. पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये मांडले. दोन्हीकडे काम आवळण्याचेच. गोठ्यापुरते 'पान्ह्याचे संप्रेरक' म्हणा.

व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला पाणी परत रक्तात घ्यायला लावते; ते कमी पडले की दिवसाला कित्येक लिटर पातळ लघवी होते. त्याला 'मूत्ररोधक' म्हणा.