सगळ्यांची ताटं झाल्यावर जेवणारीची शुगर

मधुमेह असलेल्या वाचक मैत्रिणींकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. गावांची नावं ठेवली आहेत, माणसांची काढली आहेत.

प्रश्न : वय ५१, सहा वर्षांपासून मधुमेह. सकाळी साडेसातला चहाबरोबर ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी घेते. मग दोन डबे, सासूबाईंचा नाश्ता, पूजा. साडेदहाच्या सुमारास मी सगळ्यांवर ओरडते, हात कापतात, घाम फुटतो, नंतर रडू येतं. घरचे म्हणतात, पाळी जायचं वय आहे, होणारच. माझा स्वभावच बिघडलाय का? (सातारा)

स्वभावाचं नंतर बघू, आधी घड्याळ बघू. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणूनच ती नाश्त्यासोबत घ्यायची असते. तुमच्या गोळीत आणि पहिल्या घासात तीन तासांचं अंतर आहे. शुगर ७०च्या खाली घसरू लागली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, त्यातून थरथर, घाम, धडधड होते. मेंदूला ग्लुकोज कमी पडलं की चिडचिड होते, साधा शब्द आठवत नाही, रडू कोसळतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त ‘ही आज पुन्हा चिडली’ एवढंच दिसतं.

पाळी जातानाही घाम येतो, पण तो बहुधा छातीकडून चेहऱ्याकडे चढणाऱ्या उष्णतेसोबत येतो. शुगर कमी झाल्याचा घाम गार असतो आणि सोबत भूक असते. तरी नुसत्या लक्षणांवर विसंबू नका, ग्लुकोमीटर लावा. हात आधी साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा चढतो, आणि स्वयंपाकघरातून उठून येणाऱ्या बाईचं हेच होतं.

आकडा ७०च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, अर्धा कप पाण्यात विरघळवून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या. आकडा वर आला की पोळी-भाजी खा. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. मीटर हाताशी नसेल तर शंकेचा फायदा साखरेला द्या, म्हणजे शुगर कमी आहे असं धरून साखर घ्या.

आठवडाभर एका वहीत चारच गोष्टी लिहा : गोळीची वेळ, पहिल्या घासाची वेळ, चिडचिड झाली ती वेळ, तेव्हाचा आकडा. ही वही डॉक्टरांना दाखवा. गोळीची वेळ बदलता येते, मात्रा कमी करता येते, शुगर ७०च्या खाली क्वचितच नेणारी दुसरी गोळीही देता येते. स्वतःहून बंद मात्र करू नका. आणि डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत गोळी पहिल्या पोळीसोबतच घ्या. सगळ्यांचं आवरल्यावर आपण खायचं ही रीत तुमच्या औषधाला परवडणारी नाही. घरच्यांना ‘मला समजून घ्या’ म्हणण्यापेक्षा ‘आठ वाजता मी खाणार, तेवढा वेळ डबे तुम्ही भरा’ असं सांगा. नेमकं काम मागितलं की ते होण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : घरात प्रत्येक घासावर नजर असते. “भात कमी घे”, “आंबा कशाला?” बाहेर हळदीकुंकवाला गेलं की उलट, “एका लाडवाने काय होतंय!” हरितालिकेचा निर्जळी उपवास सोडला तर जाऊबाई टोमणे मारतात. जाणंच बंद केलंय. (कोल्हापूर)

जाणं बंद करू नका. एकटेपणाने शुगरचं काही भलं होत नाही.

लाडवाचं सोपं आहे. “नको” म्हटलं की आग्रह वाढतो, “घरी नेते, पुडीत द्या” म्हटलं की थांबतो. तिळगूळ खायचाच असेल तर सुपारीएवढा तुकडा, आणि तो जेवणाला जोडून, मधल्या वेळेला नाही. “गुळाचा आहे, चालतो” हे ऐकाल. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही.

उपवासाचं मात्र गंभीरपणे घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड चालू असेल तर निर्जळी उपवासात शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर उपाशी-तहानलेलं राहिलं तर पाणी कमी पडतं आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू शकतात, तेही कधी कधी शुगर फार वाढलेली नसताना. उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना औषधाची चिठ्ठी दाखवून विचारा. “डॉक्टरांनी पाणी सोडायला मनाई केलीये” हे जाऊबाईंना पुरेसं उत्तर आहे, पुढे वाद घालत बसू नका. फळाहारात साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, मूठभर शेंगदाणे बरे.

घरातल्या पहारेकऱ्यांना दुसरं काम द्या : रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं सोबत चालणं, टेस्टच्या पट्ट्या संपायच्या आत आणून ठेवणं. ताटाकडे बघून बोलायचं नाही, एवढी एकच अट घाला. टोकल्यावर माणूस लपून खातो, आणि लपून खाल्लेलं कुठल्याच हिशेबात येत नाही.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची, बाराव्या वर्षापासून टाइप १. स्थळं येताहेत. नातेवाईक म्हणतात, आत्ता सांगू नका. मुलांनाही होईल अशी भीती ते घालतात. (नाशिक)

पहिल्या बायोडेटात लिहायची सक्ती नाही, पण बोलणी पक्की होण्याआधी सांगायलाच हवं, आणि शक्यतो मुलीने स्वतः मुलाला सांगावं. कारण व्यवहाराचं आहे. लपवणारी मुलगी सासरी इंजेक्शन कुठे घेणार? बाथरूममध्ये, घाईत, कधी चुकवून. टाइप १मध्ये शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे इंजेक्शन चुकलं तर काही तासांत कीटोन वाढून रुग्णालय गाठावं लागू शकतं. शिवाय शुगर घसरून ती बेशुद्ध झाली तर घरात कुणाला तरी हे ठाऊक हवं : तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ला फोन करायचा.

मुलांबद्दल युरोप-अमेरिकेतल्या नोंदी अशा : आईला टाइप १ असेल तर बाळाला होण्याची शक्यता साधारण १ ते ४ टक्के. वडिलांना असेल तर सुमारे ६. म्हणजे सुनेकडे बोट दाखवणाऱ्यांचा हिशेब उलटा आहे. खरी काळजी वेगळी घ्यायची आहे. गर्भधारणेआधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), सुरक्षितपणे जमत असेल तर, ६.५ टक्क्यांच्या खाली आणावं, तोवर गर्भनिरोधन वापरावं. डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंड तपासून घ्यावं, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करावं. होणाऱ्या नवऱ्याला एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. तिथे तो काय विचारतो, यावरून तुम्हालाही बरंच कळेल.

प्रश्न : पथ्य, चालणं सगळं करूनही एचबीएवनसी वाढलेलंच. अपराधी वाटतं, थकवा जात नाही, आता मोजावंसंही वाटत नाही. (ठाणे)

तीन साध्या तपासण्या करून घ्या : हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, म्हणजे तुम्ही न केलेल्या चुकीची शिक्षा भोगत असाल. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, त्याने थकवा, पायाला मुंग्या, मनाची मरगळ येते. थायरॉइड मंदावलं तरी असंच होतं.

मधुमेह सांभाळून सांभाळून येणारा कंटाळा वेगळा आणि नैराश्य वेगळं. पहिला मधुमेहापुरता असतो. इतर गोष्टींत, नातवंडांत, टीव्हीवरच्या मालिकेत मन रमतं. अशा वेळी डॉक्टरांना विचारून महिनाभर मोजण्याचं ओझं हलकं करा, रोज चार वेळांऐवजी आठवड्यातून ठरलेल्या काही वेळा. इन्सुलिन चालू असेल तर ही सूट विचारल्याशिवाय घेऊ नका. पण गेल्या दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त दिवस मन उदास होतं, किंवा कशातच रस वाटला नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, आजच फोन करा.