अमेरिकेत आईसाठी नर्सिंग होम (वृद्धांना ठेवून घेऊन देखभाल करणारी संस्था) बघताय? आधी तपासणी अहवाल वाचा

होमला मिळालेल्या नुसत्या एकूण स्टारवर जाऊ नका, पहिली चूक तिथेच होते. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या ‘केअर कम्पेअर’ वेबसाइटवर तपासणीचे आणि कर्मचाऱ्यांचे स्टार वेगळे बघा, गुणवत्तेच्या स्टारमधली बरीच माहिती होमनेच भरलेली असते. नावाजवळ लाल वर्तुळात पंजा असेल, तर ती छळाची नोंद.

मग २५६७ क्रमांकाचा, म्हणजे तपासणीत सापडलेल्या त्रुटींचा अहवाल उघडा. प्रत्येक त्रुटीला ए ते एल असं अक्षर असतं. जी, एच, आय म्हणजे प्रत्यक्ष इजा. जे, के, एल म्हणजे जिवाला तातडीचा धोका. एखादी डी, म्हणजे प्रत्यक्ष इजा न झालेली त्रुटी दिसली म्हणून घाबरू नका. पण बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमांची) तीच त्रुटी सलग दोन तपासण्यांत आली, तर सावध व्हा.

भेटीला रविवारी, जेवणाच्या वेळी जा. बेल वाजल्यावर माणूस यायला किती मिनिटं लागतात, घड्याळ लावून मोजा.