बोरन्हाणाचं झबलं परदेशी पाठवताय? आधी कुरियरच्या फॉर्मवर काय लिहितात ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. भाचा आत्ता सहा महिन्यांचा, धाकटी बहीण इंग्लंडात, संक्रांतीनंतर पहिलं बोरन्हाण, आणि त्याच्या अंगावर मावशीच्या हातचं काळं झबलं न् कुंची हवी. माप कुठलं धरू, कापड कोणतं घेऊ, पार्सल कधी टाकू, असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच मी माझ्या भाचीसाठी केलंय, तेही इंग्लंडातच. शिवणाने मला कधी रडवलं नाही, पार्सलने रडवलं. म्हणून आधी तेच लिहिते. परकर-पोलकी घरी बेतणाऱ्या बाईला झबल्याचं कटिंग मी काय शिकवणार!

आमच्या भागातल्या एका कुरियरवाल्याच्या ऑफिसात मी खोकं घेऊन गेले. (नाव लिहीत नाही, विचारूही नका.) खोक्यात झबलं, कुंची, दुपटं आणि भाचीच्या मोठ्या भावासाठी एक झब्बा. त्यांनी माझ्या आधारची प्रत घेतली, वजन केलं आणि फॉर्म स्वतःच कॉम्प्युटरवर भरला. स्क्रीन दाखवा म्हटलं तर म्हणाले, "मॅडम, सगळं सिस्टिमला बरोबर जातं, तुम्ही निश्चिंत राहा." हातात पडली ती फक्त पैसे भरल्याची पावती. आत काय लिहिलंय ते कळलं थेट बहिणीला 'कर भरा, मग पार्सल सोडतो' असा निरोप आला तेव्हा. मालाचं वर्णन, लेडीज गारमेंट्स. किंमत, १५० पौंड. पाठवणाऱ्याच्या जागी त्या कुरियरवाल्याचीच फर्म. भेट म्हणून पाठवल्याचा उल्लेख कुठेही नाही.

यातल्या एकेका चुकीने काय होतं ते समजून घ्या, कारण काउंटरवर हे कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅटचा दर शून्य आहे, बाहेरून आलेल्या कपड्यांनाही तोच दर. बायकांच्या कपड्यांवर मात्र २० टक्के. म्हणजे वर्णन चुकलं तिथेच विनाकारण कर बसला. दुसरं, किंमत १३५ पौंडांच्या वर गेली की व्हॅटशिवाय कस्टम ड्युटीही मागे लागते. आमच्या खोक्यातल्या मालाची खरी किंमत त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती, पण इन्शुरन्सच्या नावाखाली त्यांनी आकडा फुगवला होता. तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव. तिकडच्या नियमात भेट ती, जी एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, वाढदिवस किंवा तशाच एखाद्या प्रसंगासाठी, स्वतःच्या वापराकरता पाठवली आहे आणि जिच्या कागदावर तसं लिहिलं आहे. तशा भेटीला ३९ पौंडांपर्यंत व्हॅट माफ. पाठवणारी फर्म असेल तर ती भेट ठरतच नाही. आधारकार्ड माझं घेतलं आणि मावशीचं नावच कागदावरून पुसलं, याचा मला आजही संताप येतो.

दुरुस्ती करून द्या, निदान 'पाठवणारी ही बाई आहे, माल लहान मुलांचे कपडे आहे' एवढं पत्र तरी द्या, म्हणून मी त्या ऑफिसात खेटे घातले. बुकिंग वरच्या ऑफिसचं आहे म्हणून त्यांनी तिकडे पाठवलं, वरच्या ऑफिसने सांगितलं की जिथे बुक केलंत तिथेच विचारा. फोन उचलायचे बंद झाले. तिकडे पार्सल गोदामात पडून. शेवटी बहिणीने कर आणि वर कंपनीची हाताळणी फी भरून ते सोडवलं. तोवर रथसप्तमी उलटून गेली होती. बोरन्हाण झालं ते दुकानातल्या काळ्या टी-शर्टवर.

तुम्ही म्हणाल, उशीर तर उशीर, कपडा वाया थोडाच जातो? इथेच बोरन्हाणाची गोष्ट वेगळी आहे. दिवाळीचा फ्रॉक उशिरा पोचला तर पाडव्याला घालता येतो, वाढदिवसाला घालता येतो. पण काळं झबलं संक्रांत ते रथसप्तमी एवढ्याच दिवसांचं. गुढीपाडव्याला काळं आमच्या घरात तरी कोणी घालू देत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोरन्हाण करता येतं, पाच वर्षांपर्यंत करतातच, पण तोवर मूल वर्षाने वाढलेलं असतं. मी खाली आडव्या टका (कापड दुमडून शिवलेल्या घड्या) घातल्या होत्या, त्या उसवून लांबी पुरली. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, पुरला नाही. शिवणीच्या आत जादा ठेवलेलं कापड, म्हणजे माया, सगळी सोडली तरी बाही काखेत रुतत होती.

म्हणून मला सगळ्यात आधी सांगायचंय ते हे, की पंचांग उघडा आणि रथसप्तमीची तारीख बघा. ती दरवर्षी सरकते. २०२५ साली ४ फेब्रुवारीला होती, २०२६ साली २५ जानेवारीला. एखाद्या वर्षी संक्रांतीनंतर जेमतेम दहा-अकरा दिवस मिळतात. बहिणीला बोरन्हाणाचा दिवस पक्का करायला लावा, तिथून मागे मोजा, आणि पार्सल नाताळच्या गर्दीत सापडणार नाही असं नोव्हेंबरातच काढा. डिसेंबरच्या मधल्या पंधरवड्यात तर मुळीच टाकू नका.

फॉर्म स्वतः भरा. पोस्टाने पाठवलंत तर सीएन २३ नावाचा कस्टमचा फॉर्म असतो, त्यावर पाठवणारी म्हणून तुमचंच नाव राहतं. माझं मत पोस्टाच्या बाजूने आहे, भले दोन दिवस जास्त लागोत. कुरियरनेच पाठवायचं असेल तर पैसे देण्याआधी फॉर्मची प्रिंट मागा आणि ओळ न् ओळ वाचा. 'गारमेंट्स' एवढं मोघम चालवून घेऊ नका. 'बाळाचं सुती झबलं, हाताने शिवलेलं, भेट' असं इंग्रजीत स्पष्ट लिहायला लावा. मालाचा कोड विचारतात तेव्हा काउंटरवरचा माणूस यादीतला पहिला कोड ठोकून देतो. बाळांच्या सुयांवर विणलेल्या किंवा होजियरीच्या कपड्यांचा कोड ६१११ ने आणि साध्या कापडाच्या कपड्यांचा ६२०९ ने सुरू होतो. ८६ सेंटीमीटर उंचीपर्यंतचं मूल यात धरतात, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंतचं. तुमचा भाचा त्यात आरामात बसतो. किंमत कापड, अस्तर, बटणं, शिलाई धरून जी होते ती खरी लिहा, फुगवू नका आणि खोटी कमीही करू नका. मी कस्टमची जाणकार नाही, पोळलेली मावशी आहे. नियम आणि आकडे बदलत असतात, तेव्हा पाठवण्याआधी बहिणीला ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर एकदा बघायला सांगा. अमेरिका किंवा युरोपला पाठवणाऱ्यांनी हे आकडे धरू नयेत, तिकडचे वेगळे आहेत.

आता माप. वळवळणाऱ्या बाळाला टेप लावून घेतलेलं माप माझ्या तरी विश्वासाचं नाही. आत्ता नीट बसणारा एखादा कपडा सपाट पसरून, त्यावर टेप ठेवून फोटो मागवा. मग त्यावर वाढ धरा. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, त्यातही सहा ते नऊ महिन्यांत चार-पाच. शिवाय तिकडे जानेवारीत झबल्याच्या आत पूर्ण बाहीचा जाड गंजीफ्रॉक असणार, हे आपण इथल्या हवेत बसून विसरतो. छातीला निदान चार-पाच इंच ढिलाई ठेवा. आणि डोकं! वर्षाच्या मुलाचं डोकं आणि छाती जवळपास सारख्याच मापाची असतात, दोन्ही ४६ सेंटीमीटरच्या आसपास. मोठ्यांच्या अंदाजाने गळा कापला की तो डोक्यातून जातच नाही. पाठ पूर्ण उघडी ठेवा किंवा खांद्यावर टिचबटणं लावा.

मुंढा मी आता वेगळा कापतच नाही. आजीच्या पद्धतीचं झबलं, बाही अंगासकट एकाच कापडात, आणि काखेखाली दोन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. तो तुकडा बसवायला कटकटीचा आहे. चारही कोपऱ्यांवर टीप बरोबर पाव इंच आधी थांबली पाहिजे, नाहीतर कोपऱ्यात चुणी येते. कच्ची शिलाई घालून मगच मशिनवर घ्या. पण त्यामुळे बाळाने हात वर केला तरी झबलं ओढलं जात नाही आणि दीड-दोन मापं निघतात. खालच्या टका लांब टाक्यांनी घाला, म्हणजे बहिणीला घरी कात्रीच्या टोकाने उसवता येतील. तिच्याकडे मशीन आहे असं धरून चालू नका.

कापडाबद्दल माझा हट्ट आहे, सुतीच. काळ्या कापडात दुकानदार सर्रास मिश्र धागा 'प्युअर कॉटन' म्हणून देतात. कडेचे चार धागे काढून पेटवून बघा. सुताचा कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आजकाल खणाच्या नावाने जे मिळतं त्यातलंही बरंच पॉलिस्टर असतं, कुंचीला घेताना तीच परीक्षा करा. मग कापड पाण्यातून काढा, आणि काळं असेल तर एकदा नाही, पाणी नितळ येईपर्यंत. पांढरा ओला रुमाल त्यावर दाबून चोळा. रुमालाला डाग आला तर ते कापड बाळाच्या अंगाला लावू नका. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो असं खूपजणी सांगतात, पण तयार सुती कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. मी आतून आईच्या जुन्या, धुवट नऊवारीचं अस्तर लावते. ते आधीच आटून गेलेलं असतं आणि इतकं मऊ कापड नवं विकत मिळत नाही. मात्र बाहेरचं कापड न धुता असं अस्तर लावलंत तर पहिल्या धुण्यात बाहेरचं आटेल आणि अस्तर फुगून लोंबेल.

कुंचीला गळ्याशी लांब नाडी नको. दिसते छान, पण मानेला आवळू शकते. एक टिचबटण पुरे, आणि झोपवताना कुंची काढायचीच, हे बहिणीला स्पष्ट सांगा. टिकल्या, मणी, आरसे पहिल्या वर्षाच्या कपड्यावर मी लावत नाही, सुटून तोंडात जातात. काळ्यावर पांढऱ्या धाग्याने साखळी टाक्याची नक्षी भरा, फोटोत ती हलव्याच्या दागिन्यांसारखीच उठून दिसते. विषय निघालाच आहे तर हलव्याचे दागिने कपड्यांच्या खोक्यात ठेवू नका. दमट हवेत साखर पाझरते आणि कापडाला चिकटते. आणि एवढ्या लहान मुलाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, हलवा ओतायचा हट्ट घरच्यांनी धरला तर नुसते चुरमुरे घ्यायला सांगा, तेही समोर बसून वेचून घ्यायचे. घशात अडकायला एक हरभरा पुरतो.

मोठ्या भाचीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, चार वर्षांची आहे म्हणून. तिच्यासाठी त्याच कापडाचं काहीतरी नक्की शिवा. फ्रॉक जमला तर उत्तमच, नाहीतर उरलेल्या खणाचा बटवा तरी. या वयात धाकट्याचं सगळं कौतुक बघणं मुलांना जड जातं. आणि यात एक सोय आहे. एकाच पार्सलमध्ये दोन माणसांच्या भेटी असतील, त्या वेगवेगळ्या गुंडाळलेल्या असतील आणि फॉर्मवर प्रत्येकाची किंमत वेगळी लिहिलेली असेल, तर ३९ पौंडांची सूट प्रत्येक माणसाच्या भेटीला स्वतंत्र मिळते. तेव्हा तिचं पुडकं वेगळं बांधा, त्यावर तिचं नाव घाला, आणि फॉर्मवर तिची ओळ वेगळी लिहिली आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचून घ्या.